लेखनावरून स्मृतिभ्रंशाची पारख

१९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्याची गोष्ट. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिचे नाव ऑगस्टे. तिला तपासण्याचे काम डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्याकडे आले. त्यांनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि ‘श्रीमती’ या उपपदासह स्वतःचे पूर्ण नाव लिहावयास सांगितले. तिने ‘श्रीमती’ एवढा एकच शब्द लिहिला आणि ती थांबली. पुढे काय लिहावयाचे, याचा तिला विसर पडला होता. प्रत्येक शब्द पुन्हा सांगावा लागला. अडचण हाताची नसून स्मरणाची आहे, हे डॉक्टरांनी ओळखले आणि ‘विस्मरणामुळे होणारा लेखनविकार’ अशा अर्थाची नोंद आपल्या टिपणात केली.

१९०६ साली ती स्त्री निवर्तली. तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता पेशींच्या बाहेर साचलेले कण आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता दिसून आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अल्झायमर यांनी ही हकीकत ट्यूबिंगेन येथील वैद्यकसभेपुढे मांडली. पुढे १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. तेव्हापासून आजतागायत वैद्यकशास्त्राने पुष्कळ प्रगती केली. मेंदूची छायाचित्रे घेता येतात, पाठीच्या कण्यातील द्रव तपासता येतो, अलीकडे रक्ताच्या काही चाचण्याही उपलब्ध झाल्या आहेत. तरीही कोरा कागद आणि पेन्सिल ही दोन साधने तपासणीच्या मेजावरून अद्याप हटलेली नाहीत. इतकेच काय, गेल्या काही दशकांत त्यांचे महत्त्व वाढलेच आहे. मेंदूच्या ऱ्हासाची चाहूल तर लेखनातून लागतेच. परंतु तो ऱ्हास कोणत्या प्रकारचा आहे, हेही लेखनावरून पुष्कळदा ताडता येते.

येथे प्रथम एका शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. इंग्रजीतील ‘डिमेन्शिया’ या संज्ञेस मराठीत सामान्यतः ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात. हा शब्द रूढ झाला आहे. मात्र तो थोडा फसवा आहे. डिमेन्शिया हे एका रोगाचे नाव नव्हे. विचार, भाषा, स्मरण, वागणूक यांपैकी अनेक शक्ती हळूहळू क्षीण होऊन रोजचा व्यवहार स्वतंत्रपणे करता येईनासा होणे, या अवस्थेला ते नाव आहे. ही अवस्था अनेक रोगांमुळे येते. त्यांत अल्झायमरचा रोग सर्वांत मोठा. एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांत त्याचा वाटा असतो. परंतु काही प्रकारांत स्मरणशक्ती बराच काळ शाबूत राहते आणि पहिला घाला पडतो तो भाषेवर. घरातील माणसे विसराळूपणाची वाट पाहत बसतात आणि रोग मात्र दुसऱ्याच दाराने आत शिरलेला असतो. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे त्या वयाच्या शंभरातील सात-आठ जणांना, डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मांडला गेला. हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न किती घरांचा आहे, याची कल्पना येते.

एखादे साधे वाक्य कागदावर उतरते तेव्हा मेंदूत किती कामे घडतात, ते पाहण्याजोगे आहे. ‘काल बाजारातून नवा अडकित्ता आणला’ हे वाक्य घ्या. प्रथम अडकित्ता म्हणजे काय, हे ज्ञान हवे. मग त्या ज्ञानाला जोडलेला नेमका शब्द भांडारातून वर यावयास हवा. त्या शब्दाचे ध्वनी योग्य क्रमाने क्षणभर मनात धरून ठेवावे लागतात. ‘बाजारातून’ यातील प्रत्यय आणि ‘आणला’ हे क्रियापदाचे रूप जुळवणारे व्याकरण हवे. शेवटी अक्षरांची वळणे आठवून ती ओळीत नीट बसवणारी दृष्टी आणि तसा हात हवा. ही सारी कामे मेंदूच्या एकाच जागी होत नाहीत. त्यांच्या जागा निरनिराळ्या आहेत आणि निरनिराळे रोग प्रारंभी निरनिराळ्या जागा पकडतात. म्हणूनच लेखनात काय गेले आणि काय राहिले, याचा ताळेबंद मांडला की रोगाचा माग लागतो.

अल्झायमरच्या रोगात लेखन कसे बदलते, याचे एक बोलके उदाहरण इंग्रजी साहित्यात आहे. आयरिस मर्डॉक या नामांकित कादंबरीकार. त्यांची पहिली कादंबरी ‘अंडर द नेट’ १९५४ साली प्रसिद्ध झाली. १९७८ च्या ‘द सी, द सी’ या कादंबरीस बुकर पारितोषिक मिळाले. १९९५ साली ‘जॅक्सन्स डिलेमा’ ही त्यांची शेवटची कादंबरी आली आणि त्यानंतर लवकरच त्यांना अल्झायमरचा रोग असल्याचे निदान झाले. १९९९ साली त्या वारल्या. शवचिकित्सेने निदानास दुजोरा मिळाला. लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ पीटर गॅरार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी या तीन कादंबऱ्यांतील भाषेची संगणकाच्या साह्याने तुलना केली आणि २००५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मर्डॉक हाताने लिहीत आणि संपादकांना आपल्या मजकुरात फारसा फेरफार करू देत नसत. त्यामुळे छापलेला शब्द हा त्यांचाच शब्द होता, हे तुलनेच्या दृष्टीने सोयीचे ठरले.

काय आढळले? शेवटच्या कादंबरीत वाक्यरचना फारशी ढासळलेली नव्हती. व्याकरण जागच्या जागी होते. परंतु शब्दांची विविधता आटली होती. नवे शब्द येण्याचा वेग मंदावला होता आणि दुर्मिळ, नेमक्या शब्दांच्या जागी रोजच्या वापरातील सर्वसाधारण शब्द आले होते. घराचा सांगाडा उभा होता. आतील सामान मात्र कमी झाले होते. हा पालट रोगाचे निदान होण्यापूर्वीच कागदावर उमटला होता, ही यातील महत्त्वाची गोष्ट.

कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाचे इयान लँकॅशर आणि ग्रेअम हर्स्ट यांनी अगाथा ख्रिस्ती यांच्या रहस्यकथांची अशीच मोजदाद करून २००९ साली तिचे निष्कर्ष मांडले. ख्रिस्तीबाईंनी वयाच्या ऐंशीनंतर लिहिलेल्या आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’ या कादंबरीतील शब्दसंपत्ती त्यांनी त्रेसष्टाव्या वर्षी लिहिलेल्या कादंबरीच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरली. ‘वस्तू’, ‘काहीतरी’ अशा अर्थाचे मोघम शब्द मात्र कितीतरी वाढले होते. ख्रिस्तीबाईंच्या हयातीत त्यांना डिमेन्शियाचे निदान कधीच झालेले नव्हते. तेव्हा हा पुरावा संशयापुरताच मानावयास हवा. मग हा पालट केवळ वयाचा म्हणावा काय? याचे उत्तर शोधण्यासाठी २०११ साली टोरोंटोच्या संशोधकांनी पी. डी. जेम्स या तिसऱ्या लेखिकेला तुलनेसाठी घेतले. त्यांनीही उतारवयापर्यंत कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांची बुद्धी अखेरपर्यंत तल्लख होती. त्यांच्या भाषेत तशी घसरण आढळली नाही. वय वाढले म्हणजे शब्द झडणारच, असा नियम नाही, एवढे यावरून दिसते.

कादंबरीकारांची गोष्ट बाजूला ठेवून घरातील पत्राकडे वळले तरी हेच चित्र दिसू शकते. समजा, एका आजीने दहा वर्षांपूर्वी लिहिले होते : ‘परवा कमल बेळगावहून आली. येताना कुंदा आणि मांडे घेऊन आली. मांडे प्रवासात मोडले, पण चव जशीच्या तशी होती.’ तीच आजी आज लिहिते : ‘परवा ती आली होती. येताना ते आणले होते. छान होते. ते फार छान होते.’ व्याकरणात चूक एकही नाही. पण कमल गेली, बेळगाव गेले, कुंदाही गेला आणि मांडेही गेले. उरली ती सर्वनामे. पत्राचा मायना मात्र बिनचूक असतो. ‘सा. न. वि. वि.’ जागच्या जागी, ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’ हेही जागच्या जागी. जन्मभर लिहून हातवळणी पडलेले ठराविक शब्दप्रयोग या रोगात बराच काळ टिकतात. म्हणूनच वरवर पत्र चाळणाऱ्या मुलाला काही बिघडले आहे, असे वाटत नाही. मायना आणि समाप्ती यांच्या मधला मजकूर वाचावा, तेव्हा पोकळी जाणवते.

आता ज्या प्रकारांत भाषाच प्रथम जाते, त्यांच्याकडे वळू. १८९२ साली प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी एका एकाहत्तर वर्षांच्या रुग्णाचे वर्णन केले होते. त्याची भाषा हळूहळू लोपत गेली आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचा डाव्या कानशिलामागील भाग आक्रसलेला आढळला. पुढे १९८२ साली अमेरिकेतील डॉ. मार्सेल मेसुलाम यांनी स्मरण व इतर बुद्धी शाबूत असताना भाषाच क्रमाक्रमाने क्षीण होत जाणाऱ्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. २०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या विकाराचे तीन पोटप्रकार ठरवले. तिन्ही प्रकारांचे रुग्ण ‘शब्द सापडत नाही’ अशीच तक्रार करतात. परंतु त्यांनी लिहिलेले तीन कागद शेजारी ठेवले तर ते एकमेकांसारखे नसतात.

पहिला प्रकार अर्थलोपाचा. यात डाव्या कानशिलामागील मेंदूचा पुढचा भाग बहुधा प्रथम झिजतो. वाक्ये सरळ व ओघवती येतात, व्याकरण शुद्ध राहते. शब्दांमागचा अर्थच नाहीसा होतो. पोपट, साळुंकी, खंड्या हे सारे प्रथम ‘पक्षी’ होतात आणि पुढे नुसते ‘प्राणी’. अडकित्ता समोर ठेवला तर रुग्ण तो ओळखत नाही आणि ‘अडकित्ता म्हणजे काय?’ असे प्रांजळपणे विचारतो. अल्झायमरच्या रुग्णाची गोष्ट सुरुवातीच्या काळात निराळी. त्याला नाव आठवले नाही तरी हात सुपारीकडे जातो. या प्रकारातील रुग्ण शब्दाबरोबर वस्तूचे ज्ञानही गमावतो.

याची लेखनातील खूण फार नमुनेदार आहे. इंग्रजीत शब्द लिहिला जातो एक आणि उच्चारला जातो दुसरा, असे पुष्कळदा घडते. ‘पाइन्ट’ या मापाच्या नावातील शेवटची तीन अक्षरे ‘मिन्ट’ या शब्दातील अक्षरांसारखीच असतात. अर्थलोपाचा रुग्ण मग ‘पाइन्ट’च्या जागी ‘पिन्ट’ वाचतो आणि लिहितानाही अपवादात्मक वर्तणी सोडून कानाला ऐकू येईल तशी वर्तणी करतो. मराठी वाचकाला हे समजण्यास एक जवळचे उदाहरण आहे. ‘चाक’ यातील च आणि ‘चहा’ यातील च यांचे अक्षर एकच, उच्चार मात्र दोन. वाचणारा योग्य उच्चार करतो, तो शब्द ओळखीचा असतो म्हणून. ओळख पुसली गेली तर नियम तेवढा हाती राहतो आणि अपवाद निसटतात. जपानी भाषेत हाच भेद आणखी ठळक दिसतो. तेथे उच्चारदर्शक ‘काना’ आणि अर्थदर्शक ‘कांजी’ अशा दोन लिप्या शेजारी शेजारी वापरतात. अर्थलोपाचे रुग्ण काना लिपी वाचू-लिहू शकतात आणि कांजीपाशी मात्र अडतात. जपानमधील इमुरा यांनी १९४३ सालीच अशा भाषाविकाराचे वर्णन करून ठेवले होते.

दुसरा प्रकार व्याकरणलोपाचा. यात डाव्या बाजूचा कपाळामागील मेंदू बाधित होतो. अर्थ शाबूत असतो. अडकित्ता दाखवला की रुग्ण तो ओळखतो, हातात घेऊन चालवूनही दाखवतो. पण बोलणे अडखळत, कष्टाने येते आणि वाक्ये मोडकी होतात. ‘मी काल दवाखान्यात गेलो होतो, डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या’ असे लिहिणारा गृहस्थ ‘काल दवाखाना. डॉक्टर गोळ्या. बदल.’ असे लिहू लागतो. नामे टिकतात, प्रत्यय आणि क्रियापदे गळतात. पूर्वीच्या तारेच्या मजकुरासारखे हे लेखन दिसते. मराठीसारख्या भाषेत, जिथे अर्थाचा पुष्कळसा भार प्रत्ययांवर असतो, तिथे असे गळलेले प्रत्यय डोळ्यांत भरावेत, हे उघड आहे.

तिसऱ्या प्रकाराला ग्रीक शब्दांवरून ‘लोगोपेनिक’, म्हणजे शब्दांचे दारिद्र्य असलेला, असे नाव दिले गेले. यात अर्थ आणि व्याकरण दोन्ही बऱ्यापैकी टिकून असतात. शब्दाचे ध्वनी मनात धरून ठेवणारी शक्ती दुबळी होते. रुग्ण वाक्य नीट सुरू करतो, मधेच थांबतो, शोधतो, पुन्हा सुरू करतो. ‘तपकीर’ या शब्दाचे ‘तकपीर’ होते. डॉक्टरांनी एक लांब वाक्य सांगून ते जसेच्या तसे म्हणावयास सांगितले की अर्ध्यावर धागा तुटतो. या प्रकाराच्या मुळाशी बहुतेक वेळा अल्झायमरचाच रोग असतो. तो फक्त निराळ्या जागी सुरू झालेला असतो.

कित्येकदा शब्द बिघडत नाहीत, त्यांचे कागदावरील रूप बिघडते. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाला २००७ साली डिमेन्शियाचे निदान झाले. त्यांच्या मेंदूचा मागील, दृष्टीशी निगडित भाग बाधित झाला होता. टंकलेखन आणि वर्तणी यांत त्यांना अडचण येऊ लागली होती; पण भाषा आणि कल्पनाशक्ती त्यांना सोडून गेली नव्हती. पुढील कादंबऱ्या त्यांनी तोंडी सांगून लिहवल्या. २०१५ साली ते निवर्तले. अशा रुग्णांच्या हस्तलेखनात ओळी तिरप्या जातात, अक्षरांवर अक्षरे चढतात, ओळीचा आरंभ सापडत नाही. पार्किन्सनच्या रोगात अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जाते. त्याच्या जवळच्या नात्याच्या ‘लेवी-कण’ डिमेन्शियातही हातापायांचा ताठरपणा आणि भास यांच्या जोडीने अशी खूण दिसू शकते. आणि लिहिणे किंवा बोलणे एकाएकी, काही मिनिटांत वा तासांत बिघडले, तर तो पक्षाघाताचा झटका समजून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे जुन्या पत्रांशी तुलना करीत बसण्यास वेळ नसतो.

प्रकार ओळखण्याची एवढी खटपट कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. या रोगांवर पूर्ण उतारा नाही, मग नावाने काय फरक पडतो? फरक पडतो, आणि कधी कधी तो जिवावरचा असतो. लेवी-कण डिमेन्शियाच्या रुग्णाला भास होतात म्हणून मानसविकारांवरील हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले, तर त्याचे शरीर कमालीचे ताठरते आणि प्रसंगी प्राणावर बेतते. अल्झायमर आणि लेवी-कण यांत काही काळ उपयोगी पडणारी डोनेपेझिलसारखी औषधे भाषालोपाच्या पहिल्या दोन प्रकारांत उपयोगी पडत नाहीत. क्वचित अस्वस्थता वाढवतात. भाषाविकार पुष्कळदा साठीच्या आत, माणूस नोकरीत असताना सुरू होतात आणि त्यांना कामचुकारपणा किंवा मनोविकार समजले जाते. वेळीच ओळख पटली तर वाचा-उपचारतज्ज्ञाच्या मदतीने चित्रे व नावे यांची वही करता येते आणि संवाद काही वर्षे लांबवता येतो. शिवाय ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, दीर्घकाळची उदासीनता यांमुळेही माणूस शब्दांना अडतो. आणि या गोष्टींवर उपाय आहेत. ‘म्हातारपण आले, चालायचेच’ या एका वाक्याने कित्येक बऱ्या होण्याजोग्या माणसांची तपासणीच राहून जाते.

परंतु लेखनाच्या साक्षीला मर्यादा आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीत सहभागी झालेल्या निरोगी लोकांनी एका चित्राचे लेखी वर्णन केले होते, ते संगणकाने तपासले. पुढे काही वर्षांनी अल्झायमर कोणाला होईल, याचे त्याने वर्तवलेले भाकीत शंभरात सुमारे सत्तर वेळा बरोबर आले. संशोधनाच्या दृष्टीने हे यश मोठे आहे. परंतु शंभरातील तीस जणांबाबत ते चुकले, हेही तितकेच खरे. एवढ्या आधारावर कोणा माणसाच्या कपाळी रोगाचा शिक्का मारता येणार नाही.

अमेरिकेतील जोगिणींच्या पाहणीची हकीकतही याच सावधगिरीने वाचावयास हवी. डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा उतारवयात अभ्यास केला. त्यांपैकी ९३ जणींनी मठात प्रवेश करताना, सरासरी बाविसाव्या वर्षी, हाताने लिहिलेली छोटी आत्मवृत्ते उपलब्ध होती. ज्यांच्या त्या लेखनात दर दहा शब्दांमागे विचारांची संख्या कमी होती, त्यांच्यात वृद्धापकाळी बुद्धीचा ऱ्हास अधिक आढळला, असे १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्या लेखनशैलीमुळे रोग झाला, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. काही माणसे तरुणपणापासूनच मोजके आणि साधे लिहितात. म्हणून एकाचे लेखन दुसऱ्याच्या लेखनाशी ताडून पाहण्यापेक्षा त्याच माणसाच्या पूर्वीच्या लेखनाशी ताडून पाहणे अधिक न्याय्य.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घरांना ही गोष्ट विशेष लागू आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आजोबांच्या मराठीत हिंदी वळणे असतात, वडोदऱ्यात गुजराती शब्द सहज मिसळतात, बेळगावात कानडी आणि गोव्यात कोकणी. हे मिश्रण म्हणजे रोगाचे लक्षण नव्हे. तो त्या माणसाच्या आयुष्याचा इतिहास आहे. केवळ पुण्या-मुंबईच्या मराठीच्या मापाने त्याची परीक्षा घेणारा फसेल. रुग्ण ज्या भाषेत घरी बोलतो, त्याच भाषेत त्याची तपासणी व्हावयास हवी आणि त्याच्या दुसऱ्या भाषांचीही डॉक्टरांना कल्पना द्यावयास हवी. बहुभाषिकतेविषयी एक दिलासा देणारी माहिती हैदराबादेतूनच पुढे आली आहे. डॉ. सुवर्णा अल्लडी आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील ६४८ डिमेन्शिया-रुग्णांचा अभ्यास केला आणि २०१३ साली असे दाखवून दिले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाची लक्षणे एकभाषिकांच्या मानाने सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्यातही हा फरक आढळला.

मग घरातील माणसांनी करावे काय? एखादे नाव ओठांवर येऊन अडले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ते प्रत्येकाचे होते. महिनोन्‌महिने टिकणारा आणि वाढत जाणारा पालट मात्र लक्षात घ्यावा. जुनी पत्रे, रोजनिशी, जमाखर्चाची वही, हाताने लिहिलेल्या पाककृती, देवाच्या पोथीत खुणेसाठी ठेवलेल्या चिठ्ठ्या, अलीकडच्या काळात भ्रमणध्वनीवर पाठवलेले निरोप, हे सारे तारखेसह जपून ठेवावे. डॉक्टरांकडे जाताना पाच-दहा वर्षांपूर्वीचा एक कागद आणि आजचा एक कागद बरोबर न्यावा. ‘बाबा विसरतात’ एवढे सांगण्यापेक्षा ‘बाबा वस्तूंची नावे लिहीत नाहीत, पण वाक्य पुरे करतात’ किंवा ‘नावे लिहितात, पण वाक्य जुळत नाही’ असे सांगितले तर तपासणीला दिशा मिळते. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, बोटांचा संधिवात यांमुळेही अक्षर बिघडते; ते आधी पाहून घ्यावे. आणि एक पथ्य अवश्य पाळावे. वडीलधाऱ्या माणसाची शाळकरी मुलासारखी रोज परीक्षा घेऊ नये. आपला शब्द चुकला, हे ज्याचे त्याला आधीच कळलेले असते आणि त्याची लाजही त्याला वाटत असते. त्याला शब्द सुचला नाही तर थोडे थांबावे, मग हळूच सुचवावा.

ऑगस्टेच्या आजाराचे कागद पुढे कित्येक दशके कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. १९९५ साली ते फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात पुन्हा सापडले आणि दोन वर्षांनी त्यांचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यांत डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न आहेत, तिने दिलेली उत्तरे आहेत आणि तिच्या हातचे, लिहिता लिहिता अडलेले नावही आहे. ज्या स्त्रीच्या विकाराला त्या काळी नाव नव्हते, तिच्या व्यथेचा तो लेखी पुरावा आहे. तो जपला गेला, कारण तिला काय लिहिता येत नाही, याची नोंद ठेवताना तिने जे लिहिले होते, तेही डॉक्टरांनी जपून ठेवले. घराघरांतील जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यांकडे याच नजरेने पाहावयास हवे.